थर्मोस्टॅट : काय पाहून निवडावा?

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तो गेल्या मे महिन्यात, आमच्या घरी एसी दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींच्या तोंडून. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच; त्यामुळे इंग्रजी शब्द आला की घरातले सगळे माझ्याकडे पाहतात. त्या दिवशीही पाहिले. मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी नंतर तीन आठवडे जी खटपट केली, तिचा हा वृत्तान्त आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी येणार आहे, म्हणून तो मांडण्याचे धाडस करते.

आम्ही नावड्याला सिडकोच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहतो. वडील, म्हणजे आमचे आप्पा, औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत आणि सध्या त्यांना सलग रात्रपाळी असते. सकाळी आठला ते घरी येतात आणि जगाचा दिवस सुरू होतो तेव्हा झोपतात. डोक्यावरचा स्लॅब अकरा वाजल्यापासून तापू लागतो. चार तासांच्या अर्धवट झोपेवर माणसाने रात्री यंत्रासमोर उभे राहायचे, याचा अर्थ काय ते कामगारांच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात दोनदा आप्पा कामावर पेंगले. दुसऱ्यांदा शेजारच्या कामगाराने हात धरून मागे ओढले म्हणून निभावले. ही गोष्ट त्यांनी आईला सांगितली नाही, मला सांगितली.

कूलर का चालला नाही?

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. तिथे उन्हाळा कडक, पण कोरडा. गावी चुलत्यांकडे पत्र्याचा कूलर आहे आणि तो खोली छान गार करतो. म्हणून आम्ही आधी तसलाच कूलर आणला. नावड्यात त्याचा उपयोग होईना. उलट चादरी दमट होऊ लागल्या.

याचे कारण मला भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सापडले. हवेतील आर्द्रता मोजताना दोन तापमापक वापरतात. एकाचा फुगा कोरडा ठेवतात, दुसऱ्याला ओले कापड गुंडाळतात. ओल्या कापडातील पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून दुसऱ्याचा पारा खाली राहतो. हवा कोरडी असेल तर दोघांत फरक मोठा पडतो, दमट असेल तर लहान. मी घरी दोन साधे तापमापक टांगून पाहिले. दुपारी एक वाजता कोरडा ३३ अंश सेल्सिअस दाखवीत होता आणि ओला २८. कूलर हा ओल्या कापडाचाच मोठा प्रकार आहे. तो हवा फार तर ओल्या तापमापकाच्या आकड्यापर्यंत खाली आणू शकतो, त्याहून खाली नाही. म्हणजे आमच्या खोलीत उत्तमोत्तम कूलरनेही २८ अंशांची ओली हवाच मिळाली असती.

घामाचेही तेच. घाम वाळला तरच अंग गार होते. म्हणूनच भारतीय हवामान खाते सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच. आमच्या शेजारच्या खारघरमध्ये १६ एप्रिल २०२३ रोजी मोकळ्या मैदानावर झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. कोकणातील उन्हाळा आकड्याने लहान दिसतो, पण अंगाला मोठा लागतो.

जुना एसी आणि न थांबणारा कॉम्प्रेसर

शेवटी आप्पांच्या ओळखीने एक टनाचा जुना विंडो एसी आला. त्यावर १ ते ९ आकड्यांची गोल खुंटी, म्हणजे नॉब होता. ‘टन’ हे येथे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची ती क्षमता होय.

पहिल्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. आप्पा अकराच्या सुमारास कुडकुडत उठत. मग आई एसी बंद करी, आणि एक वाजता ते घामाने निथळत पुन्हा उठत. झोपेचे दोन तुकडे होत. दुसरी गोष्ट म्हणजे विजेचे बिल. ते पाहून आईने एसी विकून टाकण्याचीच भाषा सुरू केली. माझ्या परीक्षा शुल्काचे पैसे त्याच डब्यातून जायचे होते.

मिस्त्रींनी एसी उघडला आणि म्हणाले, “दादा, याच्या थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत. कॉम्प्रेसर थांबतच नाही. नॉब कुठेही ठेवा, सारखेच.” त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, तसलाच नवा नॉबचा थर्मोस्टॅट बसवायचा. खर्च तीन-चारशे रुपये. दुसरा, सगळे काढून रिमोटवर चालणारे ‘युनिव्हर्सल किट’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट बसवायचा. खर्च दीड हजाराच्या आसपास. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “दोन दिवस द्या, आप्पा. विचारून सांगते.”

थर्मोस्टॅट म्हणजे काय?

थर्मोस्टॅट थंडी निर्माण करीत नाही आणि उष्णताही नाही. तो फक्त पाहतो आणि सांगतो : आता चालू कर, आता पुरे. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने या नावाचा वापर केला. त्याचे तत्त्व साधे आहे. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून तापवल्या की एक जास्त वाढते, एक कमी, आणि जोडपट्टी वाकते. वाकली की विजेचा संपर्क तुटतो. आपल्या घरातील इस्त्री मध्येच ‘टक्’ करून दिवा विझवते, ती याच पट्टीमुळे.

घराच्या तापमानाशी या कल्पनेचा संबंध एका शिक्षकाने जोडला, हे वाचून मला आनंद झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्ग गरम आहे की थंड, हे पाहायला शिपायाला खोलीखोलीतून फिरावे लागे. जॉन्सन यांनी वर्गातील तापमानाची सूचना तळघरात घंटा वाजवून देणारे विद्युत उपकरण तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. थंड देशांत आज घराच्या भिंतीवर जो थर्मोस्टॅट दिसतो आणि घरभरच्या उष्णतेचा कारभार पाहतो, त्याची सुरुवात अशी झाली.

आपल्याकडे तो भिंतीवर दिसत नाही. प्रत्येक यंत्राच्या पोटात वेगळा बसलेला असतो. फ्रिजमध्ये असतो, गीझरमध्ये असतो, एसीत असतो. म्हणून आपण तो निवडतो आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही.

आमच्या जुन्या एसीत पट्टीऐवजी वायू भरलेली बारीक तांब्याची नळी होती. हवा तापली की आतला वायू फुगतो, पडदा ढकलतो आणि संपर्क जुळतो. इलेक्ट्रॉनिक प्रकारात नळीच्या जागी थर्मिस्टर नावाचा हरभऱ्याएवढा तुकडा वायरच्या टोकाला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. छोटी चकती तो रोध मोजते, आपण रिमोटवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहते आणि रिले नावाच्या बटणाला हुकूम सोडते.

आकड्याविषयीचा मोठा गैरसमज

खोली लवकर गार व्हावी म्हणून आकडा १६ वर न्यावा, असा कित्येकांचा समज असतो. आमच्याही घरी होता. पण हा आकडा वेगाचा नसून थांब्याचा आहे. पनवेलला उतरायचे असताना एस.टी.चे तिकीट महाडचे काढले, म्हणून गाडी पनवेलला लवकर पोहोचत नाही. झोप लागली तर आपण मात्र पुढे जातो. साध्या कॉम्प्रेसरचा एसी चालू असतो तेव्हा एकाच जोराने चालतो, मग आकडा २६ असो वा १६. नव्या इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो हे खरे. पण खोली तापलेली असताना तोही पूर्ण जोरानेच धावतो. १६ चा फायदा होत नाही, फक्त थांबा हुकतो.

थांबा हुकण्याची किंमत मी वहीत मांडली. एक हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. आमचा जुना एसी साधारण बाराशे वॅट घेतो. दिवसाला आठ तास अखंड चालला तर ९.६ युनिट, महिन्याच्या २६ दिवसांचे सुमारे २५० युनिट. कॉम्प्रेसर एक तृतीयांश वेळ जरी थांबला तरी हेच सुमारे १६६ होतात. आमचा बाकीचा वापर शंभर युनिटच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत आणि टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांचा दर चढतो. न थांबणारा थर्मोस्टॅट आम्हाला ३५० वर नेत होता. थांबणारा २६६ वर, म्हणजे ३०० च्या आत ठेवणार होता. पंखा आणि चकती थोडी वीज घेतातच, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. ही वही मी आईपुढे ठेवली तेव्हा एसी विकण्याचा विषय थांबला.

सरकारी ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये सांगितले होते की, एसीचा आकडा एक अंशाने वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्यानंतर १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच आपोआप २४ अंशांवर यावेत असा नियम झाला. पुढे आपण हवा तो आकडा लावू शकतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनीही दाखवून दिले आहे की, भारतीय माणसाला आरामदायक वाटणारे तापमान परदेशी कोष्टकांपेक्षा अधिक असते. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ते आणखी थोडे वर जाते.

निवडताना काय पाहिले?

आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांनी मला मधल्या सुट्टीत अर्धा तास दिला. त्यांचे म्हणणे आणि माझ्या मोजण्या मिळून पुढील मुद्दे तयार झाले.

पहिला मुद्दा, तो कुठे बसून मोजतो? मी तापमापक घेऊन खोलीत फिरले. एसीच्या तोंडाशी २४, आप्पांच्या खाटेवर २७ आणि स्लॅबखाली माळ्यापाशी ३० अंश! एकाच खोलीत तीन ऋतू. थर्मोस्टॅटला यांपैकी फक्त त्याच्या जागेचे कळते. त्याचा तुकडा एसीत परत येणाऱ्या हवेच्या वाटेवर, गाळणीच्या मागे हवा. थंड जाळीला तो चिकटला तर खोली गार झाली असे समजून अवेळी थांबतो. रिमोटमध्येच तापमान मोजण्याची सोय असलेले काही एसी मिळतात. त्यांत रिमोट खाटेपाशी ठेवला तर खाटेवरचे तापमान मोजले जाते. उन्हात किंवा टीव्हीवर ठेवला तर मात्र तो फसतो.

दुसरा मुद्दा, चालू आणि बंद यांत अंतर किती? २६ लावले असता २५ ला थांबून २७ ला सुरू होणे ठीक. अंतर फार मोठे असेल तर माणूस आळीपाळीने गारठतो आणि घामेजतो. फार लहान असेल तर कॉम्प्रेसर सारखा उघडझाप करतो. आपल्याकडे त्यात आणखी एक तोटा आहे. एसी हवेतील पाणी जाळीवर काढतो आणि ते बाहेर ठिबकते. कॉम्प्रेसर थांबून पंखा चालू राहिला की जाळीवरचे पाणी पुन्हा खोलीत मिसळते. थर्मोस्टॅटला दमटपणा दिसत नाही, तो फक्त तापमान जाणतो. म्हणून पावसाळ्यात २६ वरही कोंदट वाटले तर आकडा खाली ओढण्याआधी रिमोटवरील ‘ड्राय’ वापरून पाहावा.

तिसरा मुद्दा, पुन्हा सुरू होण्याआधी तो थांबतो का? कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतील वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी सुरू केला तर तो अडखळतो, भरमसाट वीज ओढतो आणि कधी वेटाळे जळते. चांगला इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट स्वतःहून सुमारे तीन मिनिटे थांबतो. जुन्या नॉबला हे कळत नाही; तिथे माणसानेच धीर धरायचा.

चौथा मुद्दा, वीज जाऊन आल्यावर काय करतो? हा प्रश्न मला सरांनी नाही, आईने सुचवला. काही किट वीज गेल्यावर बंदच राहतात. रिमोटने पुन्हा सुरू करावे लागते. नॉबचा एसी मात्र वीज आली की आपसूक चालू होतो. आई दुपारी धुण्याभांड्याच्या कामावर, मी महाविद्यालयात, आप्पा गाढ झोपेत. वीज पाच मिनिटे गेली तरी त्यांची झोप संपली! म्हणून ज्याला आपला आकडा लक्षात राहतो तेच किट हवे, असे मी मिस्त्रींना बजावले.

पाचवा मुद्दा, रिले पुरेशा ताकदीचा आहे का? सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट वीज क्षणभर ओढतो. रिले दुबळा असेल तर त्याचेही पॉइंट चिकटतात आणि आपण मूळ पदावर येतो.

नवा एसी घेणाऱ्याने याशिवाय ताऱ्यांचे लेबल वाचावे. त्यावर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा असतो, पण तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आपला वापर त्याहून जास्त असेल तर त्या प्रमाणात गुणावे.

आमचा निर्णय

आम्ही इलेक्ट्रॉनिक किट घेतले. तीन-चारशेचा नॉब स्वस्त होता आणि ज्यांच्या घरी दिवसभर कोणीतरी जागे असते त्यांना तो पुरेल, हे मला मान्य आहे. आमच्या घरी ज्याच्यासाठी यंत्र आहे तो माणूस झोपलेला असतो. म्हणून जागे राहण्याचे काम यंत्रानेच करायला हवे होते.

पहिल्या दिवशी ते बिघडल्यासारखेच वागले. आठ-दहा मिनिटे चालून बंद पडे, खोली तापलेलीच. आप्पा म्हणाले, “बघ, दीड हजार पाण्यात.” मी गाळणी काढून पाहिले, तर घाईत तुकडा जाळीला टेकलेला राहिला होता. मिस्त्रींना फोन केला. त्यांनी येऊन मुख्य स्विच बंद केला आणि तुकडा दोन बोटे अलीकडे बांधला. एवढ्याने काम झाले. विजेच्या आतील कामाला आपण हात लावू नये, पण काय चुकले आहे हे ओळखता येणे ही मोठी सोय आहे.

आकड्यावरून मात्र वाद झाला. आप्पांना २० हवा होता. “२६ म्हणजे एसी कशाला, खिडकी उघड,” असे त्यांचे म्हणणे. मी म्हणाले, “आप्पा, आठ दिवस माझा आकडा. मग तुम्ही म्हणाल तो.” खिडकीला आईची जुनी जाड साडी दुहेरी करून लावली, पंखा दोनवर ठेवला आणि रिमोटवर २६. तिसऱ्या दिवशी मी महाविद्यालयातून साडेतीनला आले तेव्हा दार आतून बंद होते आणि आप्पा घोरत होते. त्यांना उठवू नये म्हणून मी जिन्यात बसून राहिले. पाच वाजता ते उठले. आठ दिवस झाल्यावर आकड्याचा विषय कोणी काढला नाही. पुढचे बिल २७४ युनिटचे आले.

सगळे घर यंत्राने सुधारले असा माझा दावा नाही. स्लॅब तापतोच, रात्रपाळीही आहेच. रात्रभर जागून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळावी याची काळजी खरे तर एकट्या एसीने वाहायची नाही. पण जेवढे आपल्या हाती आहे तेवढे तरी समजून करावे. थर्मोस्टॅट निवडणे म्हणजे सर्वांत गार यंत्र निवडणे नव्हे. आपल्याला कुठे थांबायचे आहे ते आधी ठरवावे, आणि मग ते नेमके ओळखणारे साधन घ्यावे.

माझ्या लिहिण्यात काही चुकले असल्यास विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी जरूर सांगावे. आता घरात इंग्रजी शब्द आला की पूर्वीसारखेच सगळे माझ्याकडे पाहतात. मी पूर्वीसारखेच “दोन दिवस द्या” म्हणते. पण आता ते म्हणताना भीती वाटत नाही.

— द्वितीय वर्ष, कला (भूगोल)